‘एवढं काय होतं त्यात?’ : ‘साबर बोंडं’ आणि आपल्या अपेक्षेचा इतिहास

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण फार जुन्या इतिहासाचा नाही. एका सिनेमाबद्दल झालेल्या निराशेचा आहे. ‘साबर बोंडं’ पाहून आलेल्या लोकांकडून आम्ही एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकतो आहोत. ‘चांगलाय, पण एवढं काय होतं त्यात?’ पाहून बाहेर पडल्यावर आम्हा काही जणांच्या तोंडीही साधारण हेच होतं. परदेशात मोठं बक्षीस मिळवलेला, पेपरांनी पानं भरून लिहिलेला, दोन पुरुषांच्या प्रेमाचा मराठी सिनेमा. आणि पडद्यावर काय, तर दोन माणसं बोलतात, बराच वेळ गप्प बसतात, पुन्हा थोडं बोलतात. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा जागचा हलायला तयार नाही.

हे वाक्य आम्हाला झटकून टाकायचं नाही. ‘तुम्हाला सिनेमा कळत नाही’ असं म्हणणं फार सोपं असतं, आणि शहरातली काही मंडळी ते लगेच म्हणूनही टाकतात. आमचं म्हणणं असं, की ‘एवढं काय होतं त्यात’ हा खराखुरा प्रश्न आहे, आणि त्यातला ‘एवढं’ हा शब्द कुठून आला ते शोधण्यासारखं आहे. सिनेमा पाहायच्या आधीच आपण काहीतरी मोजमाप हातात घेऊन बसलो होतो. ते आपल्या हातात कोणी दिलं?

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. मुंबईत वाढलेले, घर साध्या कष्टकरी माणसांचं, मूळ गाव संगमनेर तालुक्यात. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. नाशिक ओलांडून सिन्नर गाठलं, की पुढे संगमनेरच. वडील वारल्यावर कानवडे दहा दिवस गावी राहिले. सुतक चालू आणि नातेवाइकांचं ‘लग्न कधी करतोस’ हेही चालू. त्या अनुभवातून ही गोष्ट निघाली. सिनेमातला आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करतो, वडिलांच्या दहाव्यापर्यंत आईबरोबर गावी राहतो, आणि तिथे लहानपणचा मित्र बाळ्या त्याला भेटतो. बाळ्या शेतकरी आहे, लग्न टाळतो आहे. भूषण मनोज आनंद झालेत, सूरज सुमन बाळ्या, आणि आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय. शेवट सांगत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या सनडान्स महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला. तिथे निवडला गेलेला हा पहिला मराठी सिनेमा. आणि नुसता दाखवला गेला नाही, तर जागतिक कथापट विभागातलं सगळ्यात मोठं पारितोषिक, ग्रँड ज्युरी प्राइझ, घेऊन आला. आपल्याकडे तो थिएटरात लागला १९ सप्टेंबर २०२५ ला. मधले जवळजवळ आठ महिने नुसती बातमी होती, सिनेमा नव्हता. आणि लागला तो दिवस पाहा. त्याच शुक्रवारी ‘जॉली एलएलबी ३’ आला. ‘दशावतार’ आदल्याच आठवड्यात लागून जोरात चालला होता. आपल्याकडे टोमॅटोचा हंगाम भरात, मार्केटला रात्री उशिरापर्यंत गाड्यांची रांग, द्राक्षवाले छाटणीची तयारी करत आभाळाकडे बघतायत. अशा दिवसांत तिकीट काढून, शहरापर्यंत जाऊन असा सिनेमा पाहायचा म्हणजे माणसाने आधीच बराच खर्च केलेला असतो, पैशाचा आणि मनाचाही. मग तो माणूस ‘एवढं’ मागणारच.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट आठवते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला. त्यानंतर, १९३७ साली, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. क्रम लक्षात घ्या. आधी लोकांनी तो आपला केला, मग परदेशाने मान डोलावली. जत्रेतल्या तंबूत ज्यांनी तो पाहिला त्यांना व्हेनिस कुठे आहे हेही माहीत असायचं कारण नव्हतं. आता क्रम उलटा झालाय. २००४ चा ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा महाराष्ट्रभर लोकांनी, अगदी शाळेतल्या पोरांनी, पैसे गोळा केले होते. तिथे निदान लोक आणि बक्षीस हातात हात घालून चालले. ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला जिंकला आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इथे लागला. तेव्हाही हेच वाक्य होतं, काहीच घडत नाही म्हणून. बक्षीस आधी आणि प्रेक्षक नंतर असं झालं, की प्रेक्षक परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याला सिनेमा पाहायचा नसतो, बक्षीस बरोबर दिलं की चूक हे तपासायचं असतं. त्या नजरेने पाहिलं तर कुठलाही हळू बोलणारा सिनेमा कमीच पडेल.

पण हे अर्धंच उत्तर झालं. ‘कोर्ट’ला जो गाजावाजा होता त्यात विषयाची उत्सुकता एवढी नव्हती. इथे ती होती. ‘गे लोकांचा सिनेमा’ म्हटल्यावर आपल्या मनात जे उभं राहतं, त्यामागे आपल्या मराठीतलाच नव्वदेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शांतता जवळजवळ नाहीच.

सुरुवात कोर्टापासून होते. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चाललं. वाचक त्यात आपले खाजगी प्रश्न विचारायचे, कर्वे उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, ज्याबद्दल घरात चकार शब्द निघत नव्हता त्याबद्दलही. यावरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळात ही रक्कम केवढी होती याचा विचार करा, आणि ती भरणारा माणूस पदरमोड करून मासिक चालवत होता. आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत हा विषय ज्या दारातून जाहीरपणे आत आला, ते दार कोर्टाचं होतं. विषय आला तोच आरोपी म्हणून.

जाता जाता एक सांगतो. अशा व्याख्यानात कोणीतरी हमखास बालगंधर्वांचं नाव काढतं, किंवा फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेल्या अण्णा साळुंके यांचं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे मोह होतो. पण पुरुषाने स्त्रीची भूमिका करणं ही त्या काळच्या रंगभूमीची रीत होती. तिच्यातून आजचा अर्थ ओढून काढायची आमची तयारी नाही.

पुढचा टप्पा तेंडुलकरांचा. ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. सुमित्रा नावाची कॉलेजात जाणारी मुलगी, तिला मुलीच आवडतात, आणि हे तिचं तिला कळत जातं. काळाच्या मानाने विलक्षण धाडसाचं नाटक. पण मित्राचं पुढे काय होतं? ती जगत नाही. दुसऱ्याच वर्षी जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांमधलं नातं दिसतं, पण एक ‘प्रकरण’ म्हणून, अधीक्षिकेपुढे आलेली एक अडचण म्हणून. त्या दोघींना एकमेकींबद्दल काय वाटतं, याकडे बघायला सिनेमाला सवड नाही. सिनेमा मोठाच आहे, त्याला दुसरं काही सांगायचं होतं, हेही खरं.

मग डिसेंबर १९९८. दीपा मेहता यांच्या ‘फायर’वरून मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली. सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याही डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं, की असा सिनेमा आला म्हणजे काचा फुटणार. २०१६ चा ‘अलीगढ’ हिंदी, पण त्यातला माणूस आपला. प्रा. रामचंद्र सिरस, नागपूरकडचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. घरात घुसून त्यांचं चित्रण केलं गेलं, विद्यापीठाने निलंबित केलं. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि आठवड्याच्या आत ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. मनोज वाजपेयी यांनी ती भूमिका अशी केली, की हातातल्या ग्लासासकट तो एकटा माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहेरचं बघायचं तर २००५ चा ‘ब्रोकबॅक माउंटन’. मेंढ्या राखणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट, जगभर गाजली, आणि तीही एका मृत्यूवरच संपते.

या सगळ्याला समांतर कायद्याची बातमी चालू होती. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ शिथिल केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं, ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाच्या हक्काला नकार मिळाला. दर दोन-चार वर्षांनी टीव्हीवर चर्चा, झेंडे, घोषणा. म्हणजे आपल्याला ही माणसं भेटली ती कोर्टात, प्रेतयात्रेत, दंगलीत नाहीतर स्टुडिओतल्या वादात. जेवताना, शेतात, दारात पाणी मारताना कधी भेटलीच नाहीत. आणि मग एक सिनेमा येतो, ज्यात कोणी मरायचं ते आधीच मेलेलं आहे, तेही वडील, वयाप्रमाणे आणि आजारपणाने. पुढे दहा दिवस घरातले विधी. आपण सवयीने वाट बघत बसतो, की आता भावकी उठेल, आता कोणीतरी विहिरीकडे धावेल. कोणी धावत नाही. दिवे लागतात. आपण म्हणतो, एवढं काय होतं त्यात?

आमच्या निराशेचा मोठा भाग हा असा, वाट बघण्यातून आलेला. तो सिनेमाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या एका गाजावाजाचं नाव घेतो. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. एका मध्यमवर्गीय मराठी घरात भाडेकरू म्हणून एक तरुण येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि बहीण अनुजाही. अर्धी कादंबरी तो बोलतो, अर्धी ती. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये ती इंग्रजीत नेली. पुढे सिनेमा होणार, नेटफ्लिक्सवर येणार, म्हणून वाचकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. तो एप्रिल २०२२ मध्ये आला. आमच्या मते ती निराशा खरी होती, सिनेमाच्याच खात्यावर टाकावी अशी. मराठी घर उचलून केरळात नेलं, भाषा हिंदी-इंग्रजी झाली, तळी, कासवं, निळा रंग सगळं सुरेख दिसू लागलं. कादंबरीत जी धार होती ती त्या साध्या घराच्या साधेपणात होती. भिंतीपलीकडे आईवडील आहेत, सकाळी चहा व्हायचाय, आणि या मुलाला आतून फाटल्यासारखं होतंय. देखणेपणात ते विरघळलं. शिवाय अनुजाचा अर्धा आवाज बराचसा गेला. ‘साबर बोंडं’कडे यापैकी एकही दोष नाही. त्यातलं बोलणं संगमनेरकडचं आहे, ते ऐकताना आपल्याला कान टवकारावे लागत नाहीत. दहाव्यापर्यंतचे नियम, कोणी कशाला हात लावायचा, कोण कोणावर कशावरून फुरंगटतं, हे ज्याने घरात सुतक पाळलंय त्याला दाखवायची गरज नाही, आणि सिनेमाही ते समजावून सांगायला थांबत नाही. परदेशी प्रेक्षकासाठी एक वाक्यही जास्तीचं नाही. आम्हाला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मग आमची खरी तक्रार काय? आहे, आणि ती आम्ही गिळणार नाही.

तक्रार बाळ्याबद्दल आहे. सिनेमा आनंदच्या नजरेतून चालतो. आनंदच्या आईवडिलांना त्याच्याबद्दल आधीपासून माहीत आहे, त्यांनी ते स्वीकारलेलं आहे. आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं सिनेमा सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलंय. ते कसं झालं असेल, मुंबईतल्या एका लहानशा खोलीत एक कष्टकरी बाप मुलाचं ऐकून घेताना काय म्हणाला असेल, हे आपल्याला पाहायचं असतं. बरं, तेही सोडा. आनंद दहा दिवसांनी परत जाऊ शकतो. बाळ्या त्या गावचाच आहे. त्याची जमीन तिथे, त्याचे आईबाप तिथे, उद्या बांधावरून कुरबुर झाली तर साक्षीला लागणारी माणसं तिथे. दिवसभर तो काय झेलतो हे आपल्याला आनंदशी त्याचं जेवढं बोलणं होतं तेवढ्यातूनच कळतं. आमच्यासारख्या गावात बसून पाहणाऱ्याला वाटतं, अरे, गोष्ट तर याची होती. आनंद आपल्याकडे सुट्टीत येतात. राहतात ते बाळ्याच.

आणि बाळ्यांच्या बाबतीत आपल्या भागात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक गोष्ट घडली आहे, जी अजून कुठल्या सिनेमात नीट आलेली नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. हे वाक्य आता पिंपळगावात, निफाडमध्ये, कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा असतो. द्राक्षाचा बाग असला तरी एका गारपिटीत काय होतं ते त्यांनीही पाहिलेलं असतं. त्यामुळे बत्तीस-पस्तिशीचा बिनलग्नाचा शेतकरी हे आता नवल राहिलेलं नाही. पूर्वी अशा माणसाबद्दल कुजबुज व्हायची, आता हळहळ होते. ‘काय करील बिचारा, स्थळच येत नाही.’ आता विचार करा, त्या सगळ्यांमध्ये एखादा असा असेल ज्याला स्थळ यायलाच नको आहे. त्याला गावाने नकळत केवढा मोठा आडोसा देऊन ठेवलाय! आनंदच्या घरच्यांनाही नातेवाइकांना सांगायला एक सबब शोधावी लागते. आपल्याकडच्या बाळ्याला तीही शोधावी लागत नाही, सगळं गाव त्याच्या वतीने ती सांगत असतं. पण आडोसा म्हणजे घर नव्हे. त्याच्याबद्दल हळहळणारी आत्या उद्या खरोखरच कुठून तरी स्थळ घेऊन येते, एजंटाला पैसे देऊन लांबच्या जिल्ह्यातली मुलगी ठरवते, आणि मग दोन माणसांचं आयुष्य अडकतं. त्या मुलीला कोणी काहीच सांगितलेलं नसतं. मराठीत अजून कोणी या मुलीच्या बाजूने गोष्ट लिहिलेली आमच्या तरी पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, एका सिनेमाकडून किती मागायचं? बरोबर आहे. पण गाजावाजाचा हाही एक परिणाम असतो. वर्षाला असे पाच सिनेमे आले असते तर एकाने आनंदची गोष्ट सांगितली असती, दुसऱ्याने बाळ्याची, तिसऱ्याने त्या मुलीची, आणि एखादा चक्क भंकस निघाला असता. तेव्हा कोणी ‘एवढं काय’ म्हणालं नसतं, म्हणालं असतं की ‘हा जमलाय, तो फसलाय’. एकच असतो तेव्हा त्याच्याकडून सगळ्यांचं सगळं मागितलं जातं.

नावाबद्दल दोन वाक्यं. साबर म्हणजे बांधावरचा फड्या निवडुंग, आणि त्याची लाल फळं म्हणजे बोंडं. पोरवयात ती खाताना ज्यांच्या जिभेला बारीक काटे टोचलेत त्यांना सांगायला नको. गंमत अशी, की हे झाड मुळात आपलं नाहीच, ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आलं आणि आपल्या माळावर असं रुजलं, की आता ते परकं आहे म्हटलं तर कोणाला पटणार नाही. ‘ही असली थेरं बाहेरून आलीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी कानवडे यांनी हे नाव ठेवलं असेल असं आमचं म्हणणं नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते येतं खरं. सिनेमात बाळ्या काटे काढून ही फळं आनंदला देतो. प्रेमाचं एवढं साधं, एवढं आपल्याकडचं चित्र आम्ही मराठी पडद्यावर बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही, मग ते प्रेम कोणाचंही असो.

प्रश्नोत्तरं सुरू करण्याआधी एकच सुचवतो. ज्यांची निराशा झाली आहे त्यांनी, आणि ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही त्यांनीही, कानवडे यांचा २०१९ चा ‘उ उषाचा’ हा लघुपट मिळवून पाहा. त्याला कुठलाही गाजावाजा चिकटलेला नाही. उषा शेतमजूर आहे, मुलांना एकटीने वाढवते, लिहिता-वाचता येत नाही. गावच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढलं जातं, आणि त्या ओढीने ती अक्षरं शिकायला लागते. सकाळी टेम्पोतून बागेवर कामाला निघालेल्या बायका आपण इथे रोज बघतो. त्यांच्यातल्याच एकीकडे बघितल्यासारखं वाटतं. पाहून झालं की, ‘एवढं काय होतं त्यात’ असं मनात आलं तरी चालेल, पुढच्या वेळी त्यावर बोलू. आता हात वर करा, मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.